गुणांवर तोललेली वीस वर्षे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे. केलेल्या कामाच्या मोबदल्याचा तो मागे ठेवलेला हिस्सा आहे. नाकरा खटल्याच्या निकालात १७ डिसेंबर १९८२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाची भूमिका घेतली. हे तत्त्व एकदा मान्य केले की, कोणते काम मोजायचे आणि ते कोणी मोजायचे, असा पुढचा प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार करण्यासाठी मी आज एक दूरचे उदाहरण घेणार आहे. ते आहे अमेरिकेतील ‘नॅशनल गार्ड’ या राज्यांच्या राखीव सेनेतील अधिकाऱ्यांचे. अमेरिकेच्या युद्धांच्या न्याय्यतेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याबद्दलची आपली मते मला ठाऊक आहेत. आजचा प्रश्न श्रमाच्या हिशेबाचा आहे.

या सेनेला दोन धनी आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेने तिच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचा अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. पूर, वणवा, दंगल अशा प्रसंगी राज्यपाल तिला बोलावतो. युद्धाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष तिला परदेशी धाडतो. एरवी हा अधिकारी शिक्षक, वकील किंवा कारखान्यातला अभियंता असतो. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत आणि वर्षातून सुमारे पंधरा दिवसांचे शिबिर, एवढी त्याची नेहमीची सेवा असते.

अशा सेवेसाठी निवृत्तिवेतनाची तरतूद केंद्रीय कायद्याने १९४८ साली केली. तिचा हिशेब गुणांवर चालतो. सदस्यत्वाचे वर्षाला १५ गुण, प्रत्येक कवायत-सत्राचा एक आणि पूर्णवेळ सेवेच्या प्रत्येक दिवसाचा एक. वर्षात ५० गुण झाले तरच ते वर्ष पात्र ठरते. अशी वीस पात्र वर्षे भरल्यावर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. मात्र प्रत्यक्ष पैसे सामान्यतः साठाव्या वर्षी सुरू होतात. दुसऱ्या बाजूने सेवेची कमाल मर्यादाही आहे. लेफ्टनंट कर्नलला सामान्यतः २८ वर्षांच्या आणि कर्नलला ३० वर्षांच्या अधिकारपदानंतर बाहेर पडावे लागते.

आता आकडे पाहू. कवायतीची ४८ सत्रे, शिबिराचे १५ दिवस आणि सदस्यत्वाचे १५ मिळून वर्षाला ७८ गुण होतात. वीस वर्षांचे १,५६०. ३६० गुण म्हणजे एक वर्ष या हिशेबाने ही सेवा सव्वाचार वर्षांहून थोडी अधिक भरते. वर्षाला अडीच टक्के या जुन्या दराने मूळ वेतनाच्या जेमतेम ११ टक्के निवृत्तिवेतन मिळते. त्याच दराने कायम सेनेतल्या अधिकाऱ्याला वीस वर्षांनंतर ५० टक्के मिळतात, आणि तेही निवृत्त होताच. १ जानेवारी २०१८ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी हा दर दोन टक्क्यांवर आणला असून त्याच्या जोडीला बचतनिधीत सरकारी वाटा दिला जातो.

रक्कम कमी आहे, एवढ्यावर माझा आक्षेप नाही. कमी दिवसांच्या कामाला कमी निवृत्तिवेतन, हे प्रमाण समजण्यासारखे आहे. आक्षेप आहे तो प्रमाण सोडून घातलेल्या उंबरठ्यांवर. एखाद्या वर्षी ४९ गुण झाले, तर ते वर्ष वीसांत धरले जात नाही. एकोणीस पात्र वर्षे करून बाहेर पडणाऱ्याच्या हाती या निवृत्तिवेतनाचा काहीच भाग लागत नाही. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या अधिकाऱ्याला वीस भरेपर्यंत काही संरक्षण आहे. त्याच्या अलीकडच्याला तेही नाही.

साठ वर्षांची अट २००८ मध्ये थोडी सैल झाली. पूर्णवेळ सेवेच्या प्रत्येक ९० दिवसांमागे तीन महिने वय कमी धरण्याची सवलत मिळाली. परंतु ती २८ जानेवारी २००८ नंतरच्या दिवसांनाच लागू झाली. त्याआधी सहा-सात वर्षे इराक-अफगाणिस्तानात पाठवलेल्यांचे दिवस हिशेबाबाहेर राहिले. शिवाय हे नव्वद दिवस सुरुवातीला एकाच आर्थिक वर्षात भरावे लागत.

उंबरठा काय करतो, हे २०२०च्या करोना साथीत दिसले. ४० हजारांहून अधिक सैनिक केंद्राच्या खर्चाने राज्यांत काम करीत होते. त्यांचा आदेश २४ जून रोजी संपणार होता आणि तोवर अनेकांचे ८९ दिवस भरणार होते. वृत्तपत्रांत याचा बोभाटा झाल्यावर मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढली. आपल्याकडे बदली आणि हंगामी कामगारांत काम केलेल्या साथींना हा प्रकार समजावून सांगायला नको. २४० दिवस भरण्याच्या आत ‘ब्रेक’ देण्याची युक्ती आपण गिरणीपासून महापालिकेपर्यंत पाहिली आहे. जिथे एका दिवसाने हक्क जन्माला येतो, तिथे तो एक दिवस वाचवण्याचा मोह धन्याला होतोच. मग तो धनी गिरणीवाला असो की सरकार.

याहून खोल अन्याय दोन धन्यांच्या मधल्या फटीत आहे. राज्यपालाच्या आदेशाने, राज्याच्या खर्चाने केलेल्या सेवेला केंद्राचा निवृत्ति-गुण मिळत नाही. माणूस तोच, गणवेश तोच, पुराचे पाणीही तेच. पगार कोणाच्या खात्यातून निघतो एवढ्यावरून तो दिवस मोजला जातो किंवा वाया जातो. उत्तर कॅरोलिनासारख्या राज्याने स्वतःचे छोटे निवृत्तिवेतन ठेवले आहे, पण त्यामुळे सर्वत्रची फट बुजत नाही. कॅलिफोर्नियाच्या स्टेट गार्डसारखी (पूर्वीचे स्टेट मिलिटरी रिझर्व्ह) निव्वळ राज्याची दले तर केंद्राच्या या व्यवस्थेच्या पूर्णपणे बाहेर आहेत.

‘ते स्वेच्छेने येतात, त्यांची दुसरी नोकरी असते,’ असे यावर म्हटले जाते. स्वेच्छेने आलेला कामगार हिशेबाचा हक्क सोडून येत नसतो. आणि एकदा आदेश निघाला की स्वेच्छा संपते; दुसरी नोकरी बाजूला ठेवूनच त्याला निघावे लागते.

यातून आपण तीन मागण्या घ्याव्यात. कामाचा प्रत्येक दिवस मोजला जावा. उंबरठ्याऐवजी प्रमाण असावे, म्हणजे एकोणीस वर्षांना एकोणीस वर्षांचे मिळावे. आणि जो आदेश देतो, त्याने त्या दिवसाचा निवृत्तिनिधीतला वाटा त्याच दिवशी भरावा. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या जवानाला निवृत्तिवेतन नाही. आशा सेविका, गृहरक्षक, कंत्राटी शिक्षक यांच्याशी बोलताना, साथींनो, पहिला प्रश्न हाच विचारा : तुमचे दिवस कोण मोजतो, आणि कोणते दिवस मोजायचे राहतात?