वाटा हवा, मेहेरबानी नको
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



घटस्फोट मागणाऱ्या एका भगिनीसोबत मी नुकताच वकिलांकडे गेलो होतो. वीस वर्षे तिने घर सांभाळले. सातबारा व सदनिका मात्र पतीच्या नावे. वकिलांनी पासबुके, पगाराचे कागद, स्त्रीधनाची यादी मागितली. तिच्या श्रमाचा कागद कोठून आणावयाचा?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पोटगी आहे. विवाहकाळात पतीने मिळविलेल्या मालमत्तेत पत्नीचा ठरलेला वाटा नाही. पोटगीची रक्कम न्यायाधीशांच्या विवेकावर ठरते. वाटा हा हक्क असतो.

शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नोंदविला नसेल, तर उभयतांची मालमत्ता समाईक, प्रत्येकाची निम्मी, मानली जाते. कारभार पतीकडे सोपविणारी ही संहिता निर्दोष नाही. पण तिने वाटा गृहीत धरला आहे.

काहीजण म्हणतात, आपल्याकडेही विवाहपूर्व करार करावेत. हिंदू विवाहात ते न्यायालयात टिकतीलच असे नाही. शिवाय असमानांमधील करार कोणाच्या सोयीचा होतो, हे मजुरीचा करार पाहिलेल्यांना सांगावयास नको. म्हणून आधी कायद्याने समान वाटा, मग करार.

तोवर एवढे करा: १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीपर्यंत तिच्यासोबत जा, आणि जाण्यापूर्वी कागद जमवा.