'स्थावर' म्हणजे काय?



शेत, घर, विहीर हे शब्द आपण रोज बोलतो. पण कागद पुढे आला की तिथे लिहिलेले असते, 'स्थावर मिळकत'. शब्द भारदस्त. माणूस अडखळतो आणि म्हणतो, "असू द्या. सही कुठं करायची?" म्हणून आज ह्या एकाच शब्दाविषयी बोलू.

स्थावर म्हणजे एका जागी स्थिर असलेले. जमीन स्थावर. घर स्थावर. विहीर स्थावर. ह्याच्या उलट जंगम. जंगम म्हणजे इकडून तिकडे नेता येणारे. बैल, गाडी, भांडी, दागिने हे जंगम. आंब्याचे झाड स्थावर. झाडावरचे आंबे जंगम. शेत स्थावर, पण शेतातले उभे पीक कायद्याने जंगम.

आता 'मिळकत'. घरात आपण कमाईला मिळकत म्हणतो. कागदातली मिळकत निराळी. तिथे तिचा अर्थ मालमत्ता.

समजा, वडील वारले. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, सातबाऱ्याचं काम आहे. कचेरीत चल, सही कर." कागदात आहे, 'स्थावर मिळकतीतील माझा हक्क मी राजीखुशीने सोडत आहे.' ताईने न वाचता सही केली. कागद नोंदला गेला. शेतातला, घरातला तिचा वाटा गेला! हिंदू वारसा कायदा 2005 साली सुधारला. तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ताईला हक्क सोडायचा तर तिने खुशाल सोडावा. पण समजून सोडावा.

आणखी एक गोष्ट. बैलाचा सौदा बाजारात तोंडी होतो. शेताचा तसा होत नाही. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकत घेतली, तर खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावेच लागते. पैसे दिले, साध्या कागदावर लिहून घेतले, एवढ्याने शेत आपल्या मालकीचे होत नाही.

तेव्हा मंडळी, कागदात 'स्थावर' दिसले की थांबा. त्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा: कोणती जमीन? गट नंबर कोणता? क्षेत्र किती? चारी बाजूंना कोणाची हद्द? मी देतोय की घेतोय?

उत्तर नीट कळेपर्यंत सही करू नका. कोणी घाई केली तर म्हणा, "थांबा. मला वाचता येतं. मी आधी वाचतो."