पहिल्या मुख्यमंत्र्यांचे मोजमाप

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, पण त्याचे पहिले मुख्यमंत्री त्यासाठी झालेल्या नव्या निवडणुकीतून आले नव्हते. यशवंतराव चव्हाण १९५६ सालीच मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. मोरारजी देसाईंचा कौल त्यांच्या बाजूने होता आणि काँग्रेस पक्षांतर्गत लढतीत त्यांनी भाऊसाहेब हिऱ्यांना हरवले होते. १९५७ च्या निवडणुकीत मराठी भाषिक राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. सरकार तगले ते गुजरात आणि विदर्भातल्या आमदारांच्या जोरावर. लढणारे विरोधी बाकांवर आणि नव्या राज्याचा मंगलकलश यशवंतरावांच्या हाती, हा आक्षेप म्हणून अगदीच खोटा नाही. पण १९६२ मध्ये मतदारांनी २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला दिल्या. निवडीतली उणीव या कौलाने भरून निघाली. कारभाराचे मोठे पाऊलही याच काळातले. पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने जिल्हा परिषदांची शिफारस केली, १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा बराचसा कारभार मंत्रालयाकडून जिल्ह्याकडे आला. हातची सत्ता कायद्याने वाटून देणारा पहिला नेता विरळाच.

यावर नागपूरकर विचारतील, मग विदर्भाला आश्वासने देणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराचे काय? त्यावर यशवंतरावांचीही सही होती. त्यातले उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ कायद्याच्या आधारावर उभे राहिले. विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरते, ते चुकवणे अवघड. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या मात्र नेत्यांच्या शब्दावर राहिल्या. परिणामी १९८३ मध्ये विकासाचा अनुशेष मोजायला दांडेकर समिती नेमावी लागली. दोष नेत्यांच्या हेतूचा होता असे नव्हे. शब्द पाळला नाही तर दाद कुठे मागायची, हेच ठरले नव्हते. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कायदा आणि शब्द यांतला हा फरक समजावून सांगायला नको. तिथे बोली उघड लागते, मालाचे माप होते, हिशेबपट्टी हाती येते. अडत्या भला असो वा नसो, १९६३ चा बाजार समिती कायदा त्याला बांधून ठेवतो. यशवंतराव नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तरी जिल्हा परिषदा थांबल्या नाहीत. माणूस गेल्यावरही जे चालते, त्यावरून पहिल्या नेत्याची थोरवी ठरवावी. आणि जे अडले, त्याचा जाब त्याच्या नावाला बिचकून न जाता विचारावा.