घरातला नाद आणि शेजारचा कान



माझा भाचा मूळचा धारचा. शिक्षणासाठी दोन वर्षांपासून देवासला आमच्या घरी राहतो. लग्नसमारंभांत गाणी जोडून वाजविण्याचा, ज्याला आज सर्रास ‘डीजे’ म्हणतात तो व्यवसाय करण्याचे त्याने मनाशी ठरविले आहे. आरंभी मला ते रुचले नव्हते. परंतु एका गाण्याचा ताल दुसऱ्याच्या तालात अलगद मिसळून देणे ही मेहनतीची विद्या आहे, हे त्याची धडपड पाहून मला पटले. मेहनत म्हटली की तालीम आली, आणि तालीम म्हटली की घरात स्पीकर आले.

पहिल्या दिवशी त्याने एका मंडपवाल्याकडून पंधरा इंची वूफरचा भलामोठा खोका उसना आणला. आमची खोली दहा फूट बाय बारा. पलीकडच्या घरात आणि आमच्यात एक सामाईक भिंत. तासाभराने शेजारचे वृद्ध गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मास्तर, माझी खिडकी वाजते हो. छातीतही धडधडते.” त्यांना हृदयविकार आहे, हे मला ठाऊक होते. त्याच रात्री भाचा मला म्हणाला, “मामा, कानात शिट्टी वाजल्यासारखे होते.” तेव्हा मात्र प्रश्न केवळ खरेदीचा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचाराला बसलो. त्याचा पहिला प्रश्न होता, “किती वॅटचे घ्यावेत?” बहुतेकांची चूक येथेच होते. वॅट दुप्पट केले तरी आवाज अवघा तीन डेसिबेलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावा, तर शक्ती सुमारे दसपट करावी लागते. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलण्यात अर्थ नाही. आधी पाहावी ती आपली खोली.

पन्नास हर्ट्झच्या खर्ज नादाची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ती आमच्या खोलीत मावतच नाही. भिंतींवरून परतते, कोपऱ्यात साचते आणि कोठे घुमते, तर कोठे नाहीशी होते. अशा ठिकाणी मोठा वूफर वाजविणाऱ्यालाच फसवितो. लहान खोलीला पाच इंची वूफरची, आतच ॲम्प्लिफायर असलेली जोडी पुरेशी होते. त्यातही ‘मॉनिटर’ म्हणून मिळणारे स्पीकर पाहावेत. समारंभाचे स्पीकर खर्ज फुगवून गोड करून दाखवितात. मॉनिटर मात्र, खोली साथ देईल तितके, मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे पुढे ठेवतात. विद्यार्थ्याला खुशामत करणारा गुरू काय कामाचा?

दुसरी गोष्ट तारेची. बिनतारी ब्लूटूथमध्ये आवाज बहुधा एकदशांश ते एकपंचमांश सेकंद मागे राहतो. नुसते ऐकणाऱ्याला ते जाणवत नाही. परंतु मिनिटाला एकशेवीस ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अवघ्या अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. एवढा विलंब झाल्यावर ताल जुळवायचा कशाशी? म्हणून तार हवीच.

तिसरी गोष्ट मांडणीची. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा; वरचा लहान ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. स्पीकर कोपऱ्यात दडपू नयेत, आणि तबकडीच्या टेबलावर तर मुळीच ठेवू नयेत; त्यांचा कंप सुईत शिरून घूं-घूं सुरू होते. दुकानात जाताना आपल्या परिचयाची दोन-चार गाणी न्यावीत आणि ती हळू आवाजात ऐकावीत. हळू वाजतानाही गायकाचे शब्द आणि ढोलकीची थाप वेगवेगळी कळली, तर जोडी चांगली समजावी.

आता शेजाऱ्याचा हक्क. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. स्वतःच्या कानाचाही हिशेब असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबेलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकणे निर्धोक आहे. तोच 90 झाला की अवघे चार तास. एकदा कायमचे गेलेले ऐकणे परत येत नाही, आणि ज्याला कानावर पोट भरायचे त्याने हे विसरून कसे चालेल?

आमच्या देवासात पूर्वी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. तेव्हाही एका पातीतला आवाज दुसरीत जाताना कोणाची परवानगी घेत नसेल! नादाला सीमा नसते. ती माणसानेच पाळायची असते.

याच गावात 1948 साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व राहावयास आले. डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली होती. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते येत. ती त्यांनी इतकी निरखून ऐकली की पुढे त्यांच्या गाण्याला त्यांतून नवे रूप आले. नाद मोठा करण्याआधी कान बारीक करावा लागतो, हे मी भाच्याला त्यांच्याच उदाहरणाने सांगितले.

अखेर त्याने शिल्लक टाकलेल्या पैशांतून पाच इंची जोडी घेतली. खाली जाड स्पंजाच्या चकत्या ठेवल्या, सामाईक भिंत सोडून दिली. दहानंतर तो हेडफोन लावतो, तोही बेताच्या आवाजात. परवा सायंकाळी तो तालीम करीत असताना शेजारचे गृहस्थ अंगणातून मला विचारते झाले, “काय हो मास्तर, पोराने वाजविणे सोडले की काय?”

मी त्यांना आत बोलावले आणि खुर्ची दिली.