साखर, दाब आणि न विचारलेलं मूत्रपिंड



मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि किडनीचा आजार ही चार नावं आपण वेगवेगळी घेतो. साखरेचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, किडनीचे वेगळे, आणि घरातल्या कपाटात प्रत्येकाची फाईलही वेगळी. शरीरात मात्र हे आजार असे वेगवेगळे राहत नाहीत. या चौघांत सगळ्यांत उशिरा आठवण होते ती मूत्रपिंडाची, आणि आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज घेऊन आलेल्या रुग्णाची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. लघवीतून प्रथिन जात असेल तर ती तापल्यावर पांढरी होऊन गोठायची. अशा रुग्णांची मूत्रपिंडं शवविच्छेदनात खराब झालेली दिसतात, हे त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलं. पुढे १८३६ साली शंभर रुग्णांची हकिकत मांडताना, यांपैकी अनेकांचं हृदयही वाढलेलं असतं, अशी नोंद त्यांनी केली. दवाखान्यात रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय यांच्या दुखण्याला मिळून एक नाव दिलं आणि त्याचे टप्पे आखले. ब्राइट यांनी चमच्यात जे पाहिलं, ते पुरतं मनावर घ्यायला वैद्यकाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

आता हे बिघडतं कसं ते सांगतो. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते ती दीड-दोन लिटर. उरलेलं पाणी, मीठ, साखर हे सगळं मूत्रपिंड परत रक्तात घेतं. साखर आणि मीठ परत घेणारी वाट एकच आहे. मधुमेहात गाळलेल्या द्रवात साखर जास्त असते, म्हणून साखरेबरोबर मीठही जास्त ओढलं जातं. पुढे मिठावर नजर ठेवणाऱ्या पेशी आहेत. त्यांच्यापर्यंत मीठ कमी पोचलं की त्यांचा समज होतो, गाळणं कमी पडतंय. मग गाळणीत रक्त आणणारी रक्तवाहिनी सैल होते आणि गाळणीतला दाब वाढतो. म्हणजे मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात मूत्रपिंड कमी नाही, उलट गरजेपेक्षा जास्त काम करत असतं. रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं तर आकडा उत्तम येतो. रिपोर्ट बघून घरचे म्हणतात, किडनी एकदम छान आहे!

हा दाब वर्षानुवर्षं सोसून गाळणीची भिंत झिजते आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरू लागतं. काही गाळण्या बुजतात, त्यांचा भार उरलेल्यांवर येतो, मग त्याही त्याच वाटेनं जातात. निम्मी क्षमता गेल्याशिवाय क्रिएटिनिन बहुधा नीटसं वाढत नाही, आणि हाडकुळ्या, वयस्क माणसात तर ते आणखी फसवतं. या सगळ्या काळात काहीही दुखत नाही. मूत्रपिंड मीठ आणि पाणी नीट बाहेर टाकेनासं झालं की रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब पुन्हा मूत्रपिंडावरच येतो. हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, त्याचे स्नायू जाड होतात. रक्त तयार करायला लावणारं संप्रेरक मूत्रपिंडातून कमी येतं, रक्त कमी होतं, चालताना दम लागतो. कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडून रक्तवाहिन्या कडक होतात. म्हणून मूत्रपिंडाचा दीर्घ आजार असलेले बहुतेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत. त्याआधी हृदयविकार त्यांना गाठतो.

एक गोष्ट मला आज विशेष कळकळीनं सांगायची आहे. बरीच वर्षं मधुमेह असलेला माणूस कधीतरी आनंदानं सांगतो, ‘डॉक्टर, आता माझी शुगर आपोआप कमी येते, गोळी अर्धी केली तरी चालते.’ घरात पेढे वाटावेत अशी ती बातमी वाटते. पण वजन घटलं नसेल, आहार बदलला नसेल, तर इथे थांबून विचार करायला हवा. इन्शुलिनचा बराच भाग मूत्रपिंडात निकालात निघतो. मूत्रपिंड मंदावलं की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, काही गोळ्यांचा अंमलही लांबतो, आणि साखर खाली येते. मधुमेह बरा झालेला नसतो, मूत्रपिंड थकलेलं असतं. अशा माणसाला पहाटे दरदरून घाम येणं, असंबद्ध बोलणं, बेशुद्ध पडणं असे प्रकार होऊ शकतात. कारण नसताना साखर उतरली तर त्याच आठवड्यात मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या.

आपल्याकडे हे आजार इतके का वाढले? इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम सांगायलाच हवं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा त्यांच्या गटानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली होती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून ‘मी तर बारीक आहे, मला कुठला मधुमेह’ हे आपल्याकडे खरं धरता येत नाही. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की तपासणी करावी.

कमी वजनाच्या बाळाचं मूत्रपिंडही लहान असतं, त्यात गाळण्या कमी असतात. अमेरिकेतले मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये असं मांडलं, की जन्मतः गाळण्या कमी असतील तर पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त. म्हणजे गरोदरपणी पोटभर न जेवलेल्या, शेवटच्या महिन्यापर्यंत शेतात राबलेल्या आईच्या कष्टांचा हिशेब तिच्या मुलाच्या चाळिशीत समोर येऊ शकतो. मधुमेह म्हणजे खाऊन-पिऊन सुखी लोकांचा आजार, हे बोलणं मला म्हणूनच खटकतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब.

औषधांबद्दल एक गैरसमज गावोगाव आहे: ‘बीपीच्या गोळीनं किडनी खराब होते.’ या भीतीनं लोक गोळी बंद करतात, आणि तीच माणसं गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खातात. प्रत्यक्षात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याच मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या तर गाळणीतला दाब उतरवून मूत्रपिंड वाचवतात. साखर आणि मीठ परत घेणारी ती वाट अडवणारी औषधंही आता आहेत. डापाग्लिफ्लोझिन हे त्यांतलं एक. हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना त्याचा फायदा होतो हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे, आणि पेटंट संपल्यापासून ते आपल्याकडे बरंच स्वस्त झालं आहे. ते कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण ‘माझ्यासाठी ते योग्य आहे का’ हे तुम्ही जरूर विचारा.

तपासणीचं सांगतो. नुसती साधी लघवी-तपासणी पुरत नाही, तिच्यात थोडं अल्ब्युमिन निसटून जातं. ‘लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण’ असं स्पष्ट सांगून तपासणी मागा. सकाळची पहिली लघवी उत्तम. आकडा ३० च्या आत हवा. ३० ते ३०० म्हणजे इजा सुरू झाली आहे आणि पुष्कळ काही करता येण्याची हीच वेळ आहे. ताप असताना, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग असताना किंवा मासिक पाळीत ही तपासणी करू नका. आकडा वाढलेला आला तर तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करा. सोबत रक्तातलं क्रिएटिनिनही बघा. नेहमीचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वेळी, आणि पुढे दर वर्षी. रक्तदाब असणाऱ्यांनीही हे करावं. घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनी, काही त्रास नसला तरी, एकदा जाऊन तपासून यावं.