पोटात घेतलेले प्लगइन

वीस-बावीस वर्षांपूर्वी संगणकावर सिनेमा पाहायचा म्हणजे आधी कोडेक, म्हणजे चित्र-आवाज उलगडणारा छोटा प्रोग्रॅम, शोधावा लागे, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. फाइल उघडली की आवाज यायचा आणि चित्राच्या जागी काळोख. मग कुठून तरी कोडेकचा गठ्ठा उतरवायचा, आणि त्याच्याबरोबर काय काय आत आलं ते नंतर कळायचं. हा जाच संपवण्यात व्हीएलसी या नारिंगी शंकूच्या प्लेअरचा वाटा मोठा आहे. लागणारी सगळी सामग्री बरोबर देण्याची जबाबदारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची, पाहणाऱ्याची नव्हे, ही त्यामागची भूमिका मला मनापासून पटते.

पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली व्हिडिओलॅन प्रकल्प सुरू केला; व्हीएलसी त्यातूनच आला. १९९८ मध्ये कोड पुन्हा मुळापासून लिहिला गेला आणि २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला झाला. या प्लेअरचा गाभा लहान आहे. त्याला स्वतःला एमपीथ्रीही वाजवता येत नाही. फाइल वाचणं, तिच्यातलं चित्र आणि आवाज वेगळे करणं, ते उलगडणं, पडद्यावर आणणं ही सगळी कामं प्लगइन नावाचे सुटे भाग करतात. प्रत्येक प्लगइन आपलं काम कोणतं आणि आपले गुण किती ते गाभ्याला सांगतो. गाभा त्या कामाच्या प्लगइनांना गुणांच्या उतरत्या क्रमाने बोलावतो. पहिल्याने नकार दिला की दुसरा. विंडोजवर हे प्लगइन एका फोल्डरमध्ये वेगवेगळ्या फाइली म्हणून असतात, पण येतात मात्र इन्स्टॉलरबरोबरच.

आयफोनवर एवढ्याने भागेना. २०१४ मध्ये आयओएस ८ येईपर्यंत ॲपला स्वतःची डायनॅमिक लायब्ररी (चालताना जोडायची वेगळी कोड-फाइल) बरोबर ठेवण्याचीसुद्धा मुभा नव्हती. म्हणजे प्लगइन थेट ॲपच्या पोटातच घालायचे. आता अडचण पाहा. प्रत्येक प्लगइनमध्ये शिरण्याच्या फंक्शनचं नाव एकच असतं. फाइली वेगळ्या असतात तोवर काही बिघडत नाही, पण सगळे एकत्र जोडायला गेलं की एकाच नावाची शेकडो फंक्शन समोर येतात आणि कोडचे तुकडे जोडणारा लिंकर अडून बसतो. म्हणून बांधताना प्रत्येकाच्या नावाला वेगळं शेपूट जोडतात आणि त्या सगळ्या नावांची एक यादी कोडमध्येच ठेवतात. गाभा फोल्डर धुंडाळण्याऐवजी ती यादी वाचतो. यादीचा आणखी एक उपयोग आहे. ज्याचा कुठेही उल्लेख नाही असा कोड लिंकर स्टॅटिक लायब्ररीतून उचलतच नाही. यादीत नाव असलं की तो प्लगइन आत येतो. गुणांची, नकाराची रीत तीच राहते. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं: प्लगइन पोटात घेतले, पण त्यांच्यामधल्या भिंती पाडल्या नाहीत.

याची किंमतही असते. सगळे भाग एकाच ॲपमध्ये जोडले की एकेका भागाचा परवाना साऱ्या ॲपला बांधून ठेवतो. जीपीएल आणि ॲप स्टोअरच्या अटी जुळत नाहीत, या आक्षेपावरून जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी तिथून काढलं गेलं. मग ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला होता त्यांना गाठून, त्यांची संमती घेऊन गाभ्याचा आणि बहुतेक प्लगइनांचा परवाना जीपीएलऐवजी त्याहून सैल असा एलजीपीएल केला गेला. व्हिडिओलॅनच्या जाँ-बाप्तिस्त केंफ यांनी हे चिकाटीचं काम पुढाकार घेऊन तडीस नेलं, आणि २०१३ मध्ये ॲप परत आलं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. आतल्या एका लायब्ररीत छिद्र सापडलं की अख्खं ॲप नव्याने द्यावं लागतं. हा आक्षेप खरा आहे. पण जुलै २०१९ मध्ये काय झालं तेही लक्षात घ्या. व्हीएलसीत गंभीर दोष असल्याची बातमी जगभर गेली. तपासाअंती दिसलं की दोष लिबईबीएमएल या बाहेरच्या लायब्ररीत होता आणि तो दुरुस्त होऊन सोळा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. व्हीएलसी ३.०.३ पासून दुरुस्त प्रत बरोबरच येत होती. तक्रार करणाऱ्याच्या लिनक्सवर मात्र जुनी लायब्ररी होती.

आणि आपल्या मराठीचंही यात काही अडकलेलं आहे. 'कि' लिहिताना संगणक आधी 'क' साठवतो, नंतर वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांचंही तसंच. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. व्हीएलसीत सबटायटल रेखाटणारा प्लगइन तिला बरोबर घेऊन बांधला असेल तर मराठी नीट उमटतं. नसेल तर वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि पाय मोडलेली अक्षरं दिसतात. इंग्रजी किंवा फ्रेंच सबटायटल वाचणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. म्हणून इथे बसलेल्या तरुण प्रोग्रॅमरांना माझी विनंती आहे: आकार कमी करण्यासाठी काय वगळायचं याची यादी कराल तेव्हा त्या बांधणीवर एक मराठी सबटायटलची फाइल लावून पाहा.