पंचगंगेच्या घाटावरचा पूर्वपक्ष



आजचा विषय ‘तर्क आणि परंपरा’. हा विषय मांडायला लोक एकदम अथेन्सला जातात, नाहीतर काशीला. कोल्हापुरात बोलायचं तर एवढी वाट तुडवायची गरज नाही. या सभागृहातून उठून पंचगंगेच्या घाटावर गेलं तरी भागतं.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा कार्तिक महिना. शाहू महाराज पहाटे स्नानाला घाटावर जात. सोबत मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत होते. भटजी मंत्र म्हणताहेत आणि ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे राजारामशास्त्र्यांच्या कानांनी टिपलं. महाराजांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की शूद्रांना पुराणोक्तच सांगायचे असतात. आणि पुराणोक्त सांगायला सांगणाऱ्यानं आंघोळ केलेली असण्याचीही गरज नसते. शिवछत्रपतींच्या गादीवरचा राजा स्नान करून ओलेत्यानं उभा आणि त्याला मंत्र सांगणारा पारोसा! ही हकिकत तुम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलात. ती पुन्हा सांगण्यासाठी मी उभा नाही.

ती ज्या पद्धतीनं सांगितली जाते, त्याबद्दल माझी तक्रार आहे. आपण सांगतो, एका बाजूला बुद्धी होती, दुसऱ्या बाजूला रूढी, बुद्धी जिंकली. ऐकायला छान वाटतं. पण त्या वेदोक्ताच्या वादाचे कागद वाचायला बसलं, की वेगळंच दिसतं. दोन्ही बाजू तर्क करताहेत आणि दोन्ही बाजू परंपरेचाच हवाला देताहेत. राजोपाध्ये, म्हणजे राजघराण्याचे पुरोहित, म्हणतात, पूर्वापार चालत आलंय तेच आम्ही करतो. महाराज म्हणतात, पूर्वापार म्हणजे कधीपासून? 1674 साली रायगडावर काय झालं होतं? मग भांडण तर्क विरुद्ध परंपरा असं उरत नाही. ते होतं कशाबद्दल?

यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि जरा कंटाळवाण्या वाटेनं. मीमांसा हे आपल्याकडचं सर्वांत कर्मठ शास्त्र. वेदवाक्याचा अर्थ कसा लावायचा, कोणतं कर्म कोणी करायचं, एवढाच त्याचा व्याप. पण पद्धत पाहा. आधी विषय, मग शंका, मग पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाचं म्हणणं पुऱ्या ताकदीनिशी, आणि मगच सिद्धान्त. विरोधकाला नीट मांडल्याशिवाय त्याला खोडायचं नाही, असा दंडक. आजच्या टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या, की मीमांसेची सूत्रं रचणाऱ्या जैमिनीबद्दल आदर वाढतो.

जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराबद्दल आहे, यज्ञ कोणी करायचा याबद्दल. तिथं बादरी नावाचे आचार्य येतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: वेद सांगतो, स्वर्ग हवा असेल त्यानं यज्ञ करावा. स्वर्ग कुणाला नको आहे? वाक्यात तर कुणाला वगळलेलं नाही. म्हणून चारही वर्णांना अधिकार आहे. आज संविधानाच्या कलमावर एखादा चांगला वकील जसा युक्तिवाद करील, तसाच हा आहे. जैमिनी तो खोडतात. कारण देतात ते असं, की अग्नी स्थापन करण्याचं विधान फक्त तीन वर्णांपुरतं आहे. अग्नी नाही, अध्ययन नाही, मग यज्ञ कसा? म्हणजे ज्याला शिकू दिलं नाही, तो शिकलेला नाही म्हणून अपात्र. या युक्तिवादातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. बादरींचं म्हणणं पुसून टाकलं गेलं नाही. हरलेला माणूस सूत्रांत नावानिशी बसून आहे.

त्याच अध्यायात पुढे रथकार येतो. रथ करणारा तीन वर्णांत बसत नाही, पण त्यानं पावसाळ्यात अग्नी स्थापन करावा असं वचन आहे. मग काय करायचं? वचन मानलं आणि रथकाराला अधिकार दिला. त्यानंतर निषादस्थपती. हा निषादांचा मुखिया म्हणजे कुणी त्रैवर्णिक सरदार, की स्वतःच निषाद? समास सोडवून निकाल दिला: स्वतःच निषाद. भिंत घट्ट बांधायची आणि तिला दोन खिडक्या ठेवायच्या, तसा हा प्रकार. छांदोग्य उपनिषदात गाडीखाली बसलेला रैक्व जानश्रुती राजाला ‘शूद्र’ म्हणून हाक मारतो आणि तरी विद्या देतो. ब्रह्मसूत्रांना ते अडचणीचं झालं. त्यांनी म्हटलं, इथं शूद्र म्हणजे शोकानं धावत आलेला! तर्क इथंही आहेच, आणि भलताच चलाख आहे. फक्त तो निकाल आधी ठरवून मग कामाला लागला आहे.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. आपल्या परंपरेत तर्काची वाण कधी नव्हती. वाण होती ती त्या तर्काच्या बैठकीत बसायला मिळणाऱ्या जागेची. ज्याच्याबद्दल वाद चालला आहे, तो वादात नाही. बादरी शूद्रांच्या बाजूनं बोलतात, पण शूद्र बोलत नाही.

आता रायगड. गागाभट्ट हे मोठे मीमांसक, भाट्टचिंतामणीचे कर्ते. घराणं मूळचं पैठणचं, पुढे काशीत स्थायिक झालेलं. कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, हे मत तेव्हा प्रचलित होतं. गागाभट्टांचे चुलते कमलाकरभट्ट यांनी शूद्रांच्या धर्मावर स्वतंत्र ग्रंथ लिहिलेला. काका शूद्रांचे आचार लिहितात आणि पुतण्या महाराष्ट्रात येऊन छत्रपतींचं क्षत्रियत्व मान्य करतो, आधी मुंज लावतो आणि 6 जून 1674 ला राज्याभिषेक करतो. याला कुणी दक्षिणेचा प्रताप म्हणतं, कुणी शास्त्राची उदारता. मला वाटतं, रथकाराला जागा करून देणारी पद्धत गागाभट्टांच्या हाताशी तयारच होती. गरज होती ती जागा मागणाऱ्याच्या हातात तलवार असण्याची. आणि शिवाजी महाराजांनी तरी सगळा भार एकाच शास्त्रावर कुठे टाकला? त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरीकडून तांत्रिक पद्धतीनं दुसरा अभिषेक करून घेतलाच.

शाहू महाराजांनी सुरुवात इथूनच केली. बडोद्याला सयाजीरावांनी 1896 मध्ये वेदोक्त सुरू केलं होतंच. कोल्हापुरात राजोपाध्ये बधेनात, तेव्हा 1901 ची श्रावणी महाराजांनी नारायणशास्त्री सेवेकरी यांच्याकडून वेदोक्त करवली. सेवेकऱ्यांवर गावच्या ब्राह्मणांनी बहिष्कार घातला. ‘केसरी’नं राजोपाध्यांच्या बाजूनं लेखणी उचलली. महाराजांनी समिती नेमली, जुने कागद तपासले, अहवाल घेतला आणि मग मे 1902 मध्ये राजोपाध्यांची इनामं जप्त झाली. प्रकरण मुंबई सरकारकडून थेट लॉर्ड कर्झनपर्यंत गेलं. अपील टिकलं नाही. 1905 मध्ये करवीर पीठाच्या शंकराचार्यांनीही छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला.

म्हणजे महाराज जिंकले, आणि परंपरेच्या आत राहून जिंकले. पण जिंकले काय? आम्ही क्षत्रिय आहोत, म्हणून आम्हाला वेद, एवढंच. घाटावरच्या कोळ्याला, कुंभाराला, महाराला त्यातून काहीच मिळत नव्हतं. जैमिनीची भिंत तशीच होती, खिडकी तेवढी रुंद झाली. हे महाराजांना कळलं नसेल असं मानायला मी तयार नाही. इनामं जप्त झाली मे महिन्यात. त्याच वर्षी जुलैच्या 26 तारखेला, महाराज इंग्लंडात असताना, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. एक लढाई मंत्रांची, दुसरी कचेरीतल्या खुर्च्यांची. दुसरीत कुणाला वंशावळ काढून रायगडापर्यंत जायची गरज नव्हती.

पुढे 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. भास्करराव जाधवांनी ‘घरचा पुरोहित’ लिहिला, म्हणजे भटजीची वाट न पाहता घरच्या माणसानंच विधी करावेत. मराठ्यांच्या मुलांना पौरोहित्य शिकवणारी वैदिक शाळा निघाली. इथं प्रश्नच बदलला होता. मला अधिकार आहे का, हे विचारायचं सोडून, तो ठरवणारे तुम्ही कोण, असं विचारणं सुरू झालं होतं.

आणि नेमकं याच टप्प्यावर, 1920 मध्ये, महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव पाटील बेनाडीकर या तरुणाला क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं. सत्यशोधकांत यावरून नाराजी होती आणि ती मला रास्त वाटते. मध्यस्थ नको म्हणणाऱ्या चळवळीला नवा जगद्गुरू कशाला? बचाव असा करता येतो, की समाज एका दमात गुरूशिवाय चालायला लागत नाही, निदान गुरू तरी आपला असू द्या. राज्यकर्त्याचा हा हिशेब समजतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराज डॉ. आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून साऱ्यांसमोर पुढे करत होते. ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं तेच आता बोलणार, ही खरी फेड तिथं झाली, पाटगावला नाही.

पुढे 1936 मध्ये आंबेडकरांनी जातिभेदाच्या निर्मूलनावर लिहिताना बोट ठेवलं ते नेमकं मनूवर: श्रुतिस्मृतींना तर्काच्या आधारे आव्हान देणाऱ्याला बहिष्कृत करावं, असं मनू सांगतो. तर्क चालेल, पण वेदाला धक्का न लावणारा. फक्त आपलीच ही गोष्ट आहे असं कुणी समजू नये. बाराव्या शतकात कॉर्डोव्हाच्या इब्न रुश्दनं धर्मग्रंथाचाच आधार घेऊन सिद्ध केलं, की तत्त्वचिंतन करणं पात्र माणसाला धर्मानंच बंधनकारक आहे. केवढी धाडसी गोष्ट! आणि पुढे लगेच सांगितलं, की हे सामान्य जनांना सांगू नये. कॉर्डोव्हातही अधिकाराचा अध्याय होताच.

शेवटी आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्याकडे येतो. एप्रिल 2016 मध्ये उच्च न्यायालयानं मंदिरप्रवेशाच्या 1956 च्या कायद्यावर बोट ठेवलं आणि त्याच महिन्यात इथं स्त्रिया गाभाऱ्यात गेल्या. विरोध करणारे म्हणत होते, परंपरा आहे. जाणाऱ्या म्हणत होत्या, संविधान आहे. जैमिनीचा तोच सहावा अध्याय मात्र कुणी उघडला नाही. त्यात ऐतिशायन नावाचे आचार्य म्हणतात, वेदवाक्यात शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून यज्ञ पुरुषानंच करावा. बादरायण उत्तर देतात, लिंग इथं विवक्षित नाही, स्त्रीलाही अधिकार आहे. आणि जैमिनी या वेळी बादरायणांच्या बाजूनं निकाल देतात. पुढे स्त्रीला पतीसोबतच बसवतात आणि मंत्र म्हणू देत नाहीत, हेही खरं. पण परंपरेच्या नावानं दार अडवून उभ्या राहिलेल्यांपेक्षा परंपरेतला सर्वांत कर्मठ माणूस दोन पावलं पुढे होता. त्या दिवशी गाभाऱ्यात गेलेल्या बायकांना मात्र जैमिनीच्या शिफारशीची गरज पडली नाही.